घाण्याच्या आट्यांसाठी घरच्या लेथवर केलेलं एम ३० चं टॅप हँडल

पंचगंगाकाठ

मंडळी, एम ३० चा, म्हणजे ३० मिमी मेट्रिक आट्याचा, टॅप (भोकात आतून आटे पाडणारं हत्यार) फिरवायला घरीच टॅप हँडल केलं. त्याची मापं, कारणं आणि करणी इथे लिहून ठेवतोय. मोठं हत्यार करायचं म्हणजे लहान हत्याराची मापं दुप्पट करून लोखंड कापायचं, असं समजून पुष्कळ जण कामाला लागतात. तसं चालत नाही, आणि का चालत नाही हे मराठीत कुणीतरी नीट मांडायला हवं असं मला फार वाटत होतं.

आधी गरज काय पडली ते सांगतो. आमच्या पाहुण्यांचं पन्हाळ्याकडं गुऱ्हाळ आहे. घाणा आडव्या तीन रोलरचा, जुना, दोन्ही बाजूंना बिडाच्या जाड प्लेटा. रोलरमधली फट कमी-जास्त करायला बेअरिंग आत रेटणारे जे बोल्ट असतात, त्यांचे प्लेटमधले आटे गेले होते. बोल्ट एक इंची, जुन्या व्हिटवर्थ (इंची मापाच्या) आट्याचा, इंचाला ८ आटे. बोल्टला पत्र्याची पट्टी गुंडाळून हंगाम ढकलणं चालू होतं. पण लोड आला की फट वाढते, चिपाड ओलं बाहेर पडतं, आणि चिपाडातून गेलेला रस परत कढईत येत नाही. तो वैरणीच्याही कामाचा नाही, नुसताच जातो.

घाणा तिथून उचलून बोरिंग मशिनवर न्यायचा म्हणजे पाया फोडण्यापासून सुरुवात. तेव्हा हत्यारच घाण्याकडं न्यायचं ठरलं. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. एम ३० चा आटा ३.५ मिमी अंतराचा, त्याला भोक २६.५ चं. म्हणजे २६.५ चं ड्रिल आरपार गेलं की जुना आटा मुळासकट निघतो आणि नव्या आट्याला कोरी भिंत मिळते. टॅपचा तीन नगांचा संच आणला. तो फिरवायचा कशानं, एवढाच प्रश्न राहिला.

हत्याराची लांबी अंदाजानं ठरवायची नाही. टॅपला जोर किती लागेल याचा साधा हिशेब आहे: आट्याच्या अंतराचा वर्ग, गुणिले व्यास, गुणिले कापताना धातूचा होणारा विरोध, भागिले ८०००. मापं मिमीत, विरोध न्यूटन प्रति चौरस मिमी. बिडाला मी १५०० धरला, साध्या पोलादाला २५००. बिडात उत्तर येतं ६९ न्यूटन-मीटर, पोलादात ११५. सगळा कट एकाच टॅपवर घेतला तर एवढा जोर. तीन टॅपच्या संचात तो वाटला जातो, पण हत्यार करताना वरचाच आकडा धरावा.

६९ न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण ७ किलोचा जोर. दोन्ही हात मध्यापासून ३५० मिमीवर असतील तर एका हातावर येतात १० किलो. पोलादात, तेही बोथट टॅपनं, म्हणजे दुप्पट जोर धरून काम करायचं म्हटलं तरी हाताला ३५ किलोच्या आत. म्हणून एकूण लांबी ७६० ठेवली. याहून लांब केलं असतं तर हाताला हलकं लागलं असतं खरं, पण टॅप अडकलाय हे मनगटाला उशिरा कळलं असतं. लांबी जोरासाठी हवी, तितकीच अंदाज हातात राहण्यासाठी आवरलेलीही हवी.

आता बॉडी. ई.एन. ८ ची (मध्यम कार्बनच्या पोलादाची) ६५ बाय ४० ची पट्टी, १६० लांब. मधे आरपार स्लॉट, ५८ लांब आणि ३० रुंद. स्लॉटमध्ये समोरासमोर दोन जबडे, दोघांना ९० अंशांची व्ही, आणि त्या दोन व्हींमध्ये टॅपच्या मागच्या टोकाचा चौकोन कोनावर उभा धरला जातो. उजवा दांडा फिरवला की उजवा जबडा पुढं-मागं होतो. डावा दांडा आणि डावा जबडा जागेवर पक्के.

इथे दोन-तीन गोष्टी आहेत ज्या लहान हँडलमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पहिली म्हणजे व्हीची खोली. मोठा चौकोन धरायचाय म्हणून व्ही खोल करावीशी वाटते. पण खोली ठरते ती धरायच्या लहानात लहान चौकोनावरून. मला १२ ते २२ मिमीचे चौकोन धरायचे होते. १२ च्या चौकोनाचा कर्ण १७. दोन्ही व्ही मिळून १७ पेक्षा खोल झाल्या, तर जबड्यांची तोंडं आधी एकमेकांना टेकतील आणि टॅप आत सैलच राहील. म्हणून प्रत्येक व्ही ८ मिमी खोल. त्यातून २२ च्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर ११ मिमीची पकड मिळते, म्हणजे अर्धी बाजू. तेवढी भरपूर झाली.

दुसरी गोष्ट, जोर कुठून कुठं जातो ती. बघताना वाटतं की दांडा आवळला की काम झालं. पण जबडा स्लॉटमध्ये ढिला असेल तर फिरवताना तो आडवा कलंडतो आणि टॅपचे कोपरे खातो. दांड्याला दिलेला पीळ बॉडीतून, स्लॉटच्या दोन भिंतींतून जबड्याच्या कडांवर येतो आणि मग टॅपवर. स्क्रूचं काम फक्त पकड धरून ठेवण्याचं. म्हणून जबडा आणि भिंत यांच्यात पाव मिमी चालणार नाही, ०.०५ च्या आसपासच हवं. माझा सगळ्यात जास्त वेळ या कानशीत गेला, आणि तो तिथंच घालवावा.

तिसरी गोष्ट दांड्याच्या मुळाची. दांडा बॉडीत एम २० च्या आट्यानं बसतो. त्या आट्याचा गाभा १७ मिमीचाही नाही. वाकवणारा सगळा भार आटा सुरू होतो तिथं आला तर दांडा तिथंच तुटणार. म्हणून दांड्याला आट्याच्या मागं २२ मिमीची कॉलर ठेवली आणि बॉडीत ३५ मिमी खोल, बरोबर २२ चं बोअर केलं. वाक कॉलर घेते, आट्यावर येतच नाही. उजवा दांडा पूर्ण मागं आला तरी कॉलर १८ मिमी आत असते.

करणी थोडक्यात. माझ्याकडं साडेचार फुटी राजकोटचा लेथ आहे, सिंगल फेजवर चालणारा, आणि एक पिलर ड्रिल. मिलिंग मशिन नाही. पट्टी चार जबड्यांच्या चकात धरून डायल लावून मध्यावर आणली आणि स्लॉट पाडायच्या आधी दोन्ही टोकांकडून १७.५ चं भोक मारून घेतलं. स्लॉट आधी पाडला तर ड्रिल पोकळीतून पलीकडं जाताना सरकतं आणि दोन दांडे एका रेषेत येत नाहीत. मग बोअरिंग, मग एम २० चे आटे, टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार देऊन आणि चक हातानं फिरवून. त्यानंतर स्लॉट: कडेनं भोकांची माळ, छिन्नीनं गाभा काढला, पुढं कानस. जबडे ओ.एच.एन.एस. चे (तेलात कडक होणाऱ्या हत्याराच्या पोलादाचे), व्ही गल्लीतल्या वर्कशॉपात शेपरवर मारून घेतली.

सगळं मिळून वजन साडेचार किलोच्या आसपास भरलं. विचारा काय विचारायचं ते.

लेथवेडा नागपूर

दादा, जबरदस्त. असं बारकाईनं लिहिणारे कमी. माझे तीन प्रश्न. मोठा ॲडजस्टेबल पाना टॅपच्या चौकोनाला लावून काम का होत नाही? ई.एन. ८ ऐवजी साधं एम.एस. (मऊ पोलाद) चालेल का, आमच्याकडं सहज मिळतं? आणि जोर कमी पडला तर दांड्याला पाइप घालता येईल ना?

जुना फिटर

पहिल्याचं उत्तर मी देतो, आयुष्य याच शिकवण्यात गेलं.

पाना एका बाजूनं ओढतो. ओढला की टॅप फिरतोही आणि त्या बाजूला ढकललाही जातो. टॅप म्हणजे अतिशय कठीण आणि तितकाच ठिसूळ तुकडा, पिळाला टिकतो पण वाकायला तयार नसतो. दोन हातांनी सारख्या अंतरावर, सारख्या जोरानं, एकानं पुढं आणि एकानं मागं असं फिरवलं तर ढकल शून्य होते आणि नुसता पीळ उरतो. टॅप हँडलला दोन दांडे असतात ते याचसाठी. आयटीआयच्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात डोळे मिटून हँडल फिरवायला लावायचो. कुठला हात जास्त जोर करतोय ते डोळे मिटल्यावर बरोबर कळतं.

पाइपचंही तेच. एका दांड्यात पाइप घातला की पुन्हा एकच बाजू लांब होते. दोन्हीत घातला तर तोल राहील, पण मग टॅप अडकलाय का कापतोय ते समजणार नाही. जोर कमी पडतोय याचा अर्थ भोक लहान आहे, टॅप बोथट आहे किंवा भुकटी अडकलीय. आधी ते बघायचं.

पंचगंगाकाठ, कॉलरची कल्पना उत्तम. एक सांगा, साडेचार किलोचं ओझं टॅपच्या डोक्यावर, आणि घाण्याचं भोक आडवं. सुरुवातीला टॅप खाली झुकला नाही का?

पंचगंगाकाठ

फिटरकाका, अगदी नेमकी जागा धरलीत. उभ्या भोकात वजन निदान खाली दाबतं, आडव्या भोकात ते टॅपला खाली लोंबकळवतं. पहिले दोन-तीन आटे सरळ गेले की पुढं टॅप स्वतःच वाट धरतो, पण ते दोन-तीनच सगळं ठरवतात.

त्यासाठी भोक मारायला जे मॅग्नेटिक ड्रिल आणलं होतं ते जागेवरून हलवलंच नाही. २६.५ चं ड्रिल काढलं आणि त्याच स्पिंडलमध्ये टोकदार सेंटर बसवला. मोठ्या टॅपच्या मागच्या तोंडाला सेंटरचं भोक असतं, त्यात हे टोक हलकं टेकवून ठेवलं. टॅप पुढं सरकेल तसं फीडचं हँडल फिरवून सेंटरही पुढं. भोक आणि टॅप एकाच अक्षावर राहिले. हे जमावं म्हणूनच स्लॉट वरून-खालून आरपार ठेवलाय, टॅपचं मागचं तोंड उघडं राहतं. वरून झाकलेलं हँडल असतं तर सेंटर लावताच आला नसता.

ओतीव बिडाच्या खडबडीत अंगावर मॅग्नेट नीट धरत नाही, हे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आम्ही प्लेटच्या दुसऱ्या भोकांत बोल्ट टाकून एक सपाट जाड लोखंडी प्लेट आवळली आणि मॅग्नेट त्यावर बसवला. शिवाय साखळीनं ड्रिल बांधून ठेवलं. वीज गेली की मॅग्नेट सुटतो, आणि आमच्याकडं वीज जाते.

नागपूरकर, एम.एस. चं सांगतो. दांड्यांना चालेल. ३५ किलो हातावर धरले तरी २२ मिमीच्या मुळाशी ताण ९० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास येतो, आणि एम.एस. अडीचशेपर्यंत वाकत नाही. बॉडीला मात्र ई.एन. ८ च घ्या. स्लॉटच्या भिंतींवर जबड्याच्या कडा रेटतात, एम.एस. तिथं हळूहळू दबतं आणि मग सैलपणा येतो.

वास्कोकर

छान काम. पण माझं मत वेगळं आहे, आणि ते बार्जच्या दुरुस्तीत पुष्कळ वर्षं काढून झालेलं मत आहे.

मोठ्या टॅपला हलणारे जबडे नकोतच. एकसंध बॉडी, मधे नेमक्या मापाचा चौकोनी गाळा, दोन्ही बाजूंना दांडे. बस. ढिलं व्हायला काही नाही, खाली पडायला काही नाही. इंजिनरूमच्या तळाला, तेलपाण्यात गुडघाभर उभं राहून काम करताना पिना आणि जबडे सांभाळत बसायला वेळ नसतो. चौकोन करायला कठीणही नाही. मधे भोक, चार कोपऱ्यांना चार लहान भोकं, बाकी कानस. टॅपच घालून, कुठं घासतंय ते कळायला निळा रंग लावून, बघत बघत बसवायचा.

चौकोनाच्या चारही बाजू पूर्ण धरल्या जातात. तुमच्या व्हीत अर्धीच बाजू.

पंचगंगाकाठ

वास्कोकर, एकाच मापाचा टॅप कायम वापरायचा असेल तर तुमचं हँडल माझ्यापेक्षा सरस, यात वाद नाही. त्या कामाला मीही तेच करीन.

माझी अडचण चौकोनांची आहे. माझ्या एम ३० च्या टॅपचा चौकोन १६ चा निघाला. शेजारच्या वर्कशॉपातून आणलेला दुसऱ्या बनावटीचा एम ३० चा टॅप १८ चा. एम २४ चा आणखी वेगळा. प्रत्येकाला एक असं करत गेलो तर भिंत भरेल. त्यातून १८ च्या गाळ्यात १६ चा चौकोन घालून वर पत्रा सारणारे लोक आहेत, आणि टॅपचे कोपरे तिथंच मरतात.

श्टुटगार्टवासी

या फरकाचं कारण साधं आहे. जर्मन डी.आय.एन. मापात एम २४ च्या हातटॅपची दांडी १८ आणि चौकोन १४.५, एम ३० ला २२ आणि १८, एम ३६ ला २८ आणि २२. आय.एस.ओ. मापात एम ३० ला २० आणि १६, एम ३६ ला २५ आणि २०. दोन्ही पद्धतींचे टॅप भारतात विकले जातात. त्यामुळं नुसतं "एम ३० चं हँडल" असं म्हणून भागत नाही, हातातला टॅप व्हर्नियरनं मोजावा लागतो.

आमच्या इथल्या प्रशिक्षण केंद्रात पोरांना अजूनही सुरुवातीला कानसच देतात. सी.एन.सी. शेजारच्या खोलीत उभं असतं. स्लॉटची कानस वाचून फार बरं वाटलं.

एक शंका. २२ च्या चौकोनाचा कर्ण ३१ होतो. तुमचा स्लॉट ३० रुंद. एम ३६ चा टॅप आडवा मावेल?

पंचगंगाकाठ

मावतो. टॅपचा चौकोन गोल दांडीलाच चार बाजूंनी सपाट करून काढलेला असतो, त्यामुळं त्याचे कोपरे दांडीच्या व्यासाबाहेर जात नाहीत. तुम्हीच दिलेल्या मापानं दांडी २८ ची, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २८ च. ३० मध्ये आरामात बसतो. पूर्ण कर्ण फक्त व्हीच्या तळाचा हिशेब करताना धरायचा, कारण पकड सपाट बाजूंवर असते, कोपऱ्यावर नाही. म्हणूनच व्हीच्या टोकाशी ३ मिमीचं भोक आधी मारून घेतलंय.

मृणाल, भोसरी

ते ३ मिमीचं भोक आणखी एका कारणासाठी मोलाचं आहे. ओ.एच.एन.एस. ला पाणी देताना, म्हणजे तापवून कडक करताना, व्हीचा तळ धारदार ठेवला तर तडा हमखास तिथून जातो. आमच्या टूलरूममध्ये बाबा ड्रॉइंगवर आतला धारदार कोपरा दिसला की जॉब परतच पाठवायचे, आणि मी आता तेच करते.

जबडे कसे कडक केलेत ते लिहिलं नाहीत. घरी भट्टी आहे का? किती कडक ठेवलेत? फार कडक ठेवलेत तर व्हीच्या कडा उडतील.

पंचगंगाकाठ

ताई, भट्टी म्हणजे विटांचा चौकोन, लोणारी कोळसा आणि केस वाळवायच्या यंत्राची हवा. जबडा कोळशात पुरून सावकाश तापवला. बाजूला तारेला लोहचुंबक टांगलेला होता. साधारण ७७० अंशांना पोलादाचं चुंबकाशी नातं सुटतं. ओ.एच.एन.एस. ला लागतात ८०० च्या आसपास, म्हणजे चुंबक सोडल्यावर आणखी थोडा रंग चढू द्यायचा, गडद लाल जाऊन लाल उजळ व्हायला लागतो तिथवर, आणि तिथंच धरून ठेवायचा. गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ द्यावा लागतो. हे काम संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर केलं, उन्हात रंग फसवतो.

मग कोमट तेलात, उभा घालून, ढवळत. लोक याला "पाणी देणं" म्हणतात म्हणून खरंच पाण्यात घालू नका, ओ.एच.एन.एस. पाण्यात तडकतं. हात लावण्याइतपत झाला की लगेच व्ही पॉलिश पेपरनं लख्ख करून टेम्परला, म्हणजे पुन्हा थोडा तापवून ठिसूळपणा घालवायला, घेतला. जाड लोखंडाच्या तापलेल्या तुकड्यावर जबडा पाठीवर ठेवायचा. पाठीकडून रंग वर चढत येतो: गवतासारखा पिवळा, तपकिरी, जांभळा. पाठ निळी झाली आणि व्हीच्या कडेवर जांभळा आला तेव्हा उचलला. पाठीला कडकपणाची गरज नाही, तिथं जबडा दांड्याला अडकवणाऱ्या पिना आहेत.

मृणाल, भोसरी

व्हीवर जांभळा बरोबर. निळ्याच्या, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास ओ.एच.एन.एस. ५५ रॉकवेल कडकपणाच्या जवळ येतं, त्याच्या थोडं आधी थांबलात. या कामाला योग्य. फाइल घसरते का कोपऱ्यावर?

पंचगंगाकाठ

घसरते. पाठीवर किंचित चावते.

लेथवेडा नागपूर

आणखी एक. जबडा दांड्याला अडकवलाय कसा? दांडा गोल फिरतो आणि जबडा फिरत नाही, मग दांडा मागं घेताना जबडा मागं कसा येतो?

पंचगंगाकाठ

दांड्याचं पुढचं नाक १४ मिमीचं वळवलंय आणि त्याला गोल खाच आहे. जबड्याच्या पाठीत त्या नाकाला बसेल असं भोक. नाक आत घातल्यावर जबड्यातून दोन ५ मिमीच्या पिना आडव्या ठोकल्यात, त्या नाकाच्या दोन्ही अंगांनी खाचेतून जातात. दांडा खाचेत मोकळा फिरतो, पण ओढला की जबड्याला घेऊन येतो. बेंच व्हाइसच्या हलत्या जबड्यात हीच युक्ती असते, कुणाकडं जुना व्हाइस असेल तर उघडून बघा. पुढं रेटण्याचा भार मात्र पिनांवर येऊ द्यायचा नाही. नाकाचं तोंड भोकाच्या तळाला टेकलं पाहिजे आणि पिनांना खाचेत किंचित मोकळीक हवी.

डावा दांडाही तसाच, फक्त तो कॉलर बॉडीला टेकेपर्यंत आवळून थ्रेडलॉकनं बंद केलाय.

जुना फिटर

दांड्यांना नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरखरीत जाळी, केलंय का?

पंचगंगाकाठ

नाही काका. एवढ्या जोराला नर्लिंग तळहात सोलतं. दांडे गुळगुळीत ठेवलेत आणि टोकं गोल केलीत. हातमोजे घालायचे नाहीत, मोज्यात अंदाज जातो.

वास्कोकर

नर्लिंगवर सहमत. आता मला सांगा, एम २७ का नाही केलात? एवढं मोठं हत्यार लागलंच नसतं.

पंचगंगाकाठ

एम २७ चं भोक २४ चं. जुना आटा २५.४ पर्यंत खोल गेलेला. २४ चं ड्रिल फिरवल्यावरही जुन्या आट्याच्या खाचा भिंतीत राहिल्या असत्या. त्यात जुना आटा ५५ अंशांचा, व्हिटवर्थनं १८४१ मध्ये ठरवलेला, आणि मेट्रिकचा कोन ६०. दोन्हींचं अंतरही वेगळं. नवा आटा अर्धा बिडात, अर्धा जुन्या खाचेत, असा पोकळ झाला असता. ज्या बोल्टवर रोलरचा रेटा येतो तिथं असा आटा मी पाहुण्यांना देणार नाही.

बुश घालून आत पुन्हा एक इंची आटा करावा असाही विचार झाला होता. पण बुशच्या बाहेरचा आटा एम ३६ चा तरी लागला असता, आणि भोकाच्या कडेला प्लेटमध्ये तेवढं बीड शिल्लक नव्हतं.

जुना फिटर

निर्णय बरोबर. बिडात टॅप चालवताना तेल वापरलंत की कोरडाच?

पंचगंगाकाठ

कोरडाच. बिडातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. तेल घातलं की भुकटीचा चिखल होतो आणि तो टॅपच्या खाचांत बसतो. एका माणसाच्या हातात ब्रश, दर थोड्या फेऱ्यांनी टॅप मागं घेऊन भुकटी झाडायची. फुंकर नाही, डोळ्यांत जाते. पहिला टॅप पूर्ण आरपार, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा तर एका माणसाच्या दोन हातांनी सहज फिरला.

श्टुटगार्टवासी

समोरच्या बाजूच्या प्लेटमधले बोल्ट जुनेच ठेवलेत का? त्यांचे आटे शाबूत असतील तर उगाच कशाला छेडा.

पंचगंगाकाठ

ते शाबूत होते, तरीही बदलले. घाण्याची फट लावताना गडी दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवतो, पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. इंचाला ८ आट्यांचा बोल्ट एका फेऱ्यात ३.१७५ मिमी सरकतो, एम ३० चा ३.५. एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा ठेवला तर दर फेऱ्याला जवळजवळ तिसरा हिस्सा मिलिमीटर फरक पडत जाणार आणि रोलर तिरका होणार. गड्याला हे रोज ध्यानात ठेवायला सांगणं बरोबर नाही. म्हणून चारही भोकं एम ३० केली, बोल्ट ई.एन. ८ चे लेथवर नवीन वळवले आणि प्रत्येकाला लॉकनट दिला.

मृणाल, भोसरी

बॉडीचं आणि जबड्यांचं ड्रॉइंग टाकाल का? आमच्याकडं एम ३६ चं काम नेहमी येतं, या आठवड्यातच पट्टी कापायला घेते. मी बॉडी ४० ऐवजी ४५ जाडीची घेईन, आमचा माल त्याच मापात पडून आहे.

पंचगंगाकाठ

टाकतो ताई, आज रात्री हातानंच काढून फोटो लावतो. ४५ घेतलीत तर जबडे ४० उंचीचेच ठेवा, वर-खाली अडीच-अडीच मिमी आत राहू द्या. टॅपच्या दांडीचा खांदा जबड्याला न घासता बॉडीखाली मोकळा राहतो.